धुळीच्या रस्त्यावरची टर्बो डिझेल: हवेचा मार्ग सुधारायचा तर कुठून सुरुवात करावी

"मेस्त्री, कोन फिल्टर टाकला की पाच-दहा बीएचपी वाढतात म्हणे. टाकू का?"

विचारणारा बहुतेक वेळा पुण्या-मुंबईत नोकरीला असलेला इथलाच कुणीतरी पोरगा असतो. दारात थार नाहीतर सेकंडहँड स्कॉर्पिओ, आणि त्या फिल्टरचा, म्हणजे कंपनीच्या डब्याऐवजी लावायच्या उघड्या शंकूचा, खोका मागच्या सीटवर आधीच घेऊन ठेवलेला. मी खोक्याला हात लावत नाही. आधी बॉनेट उघडायला लावतो, आणि एक पांढरं फडकं मागवतो.

माझं गॅरेज सातारा-पंढरपूर रस्त्यावर, म्हसवडच्या अलीकडे. माण-खटाव म्हणजे मुरमाची धूळ. गिऱ्हाईक म्हणजे ठिबकवाले, जनावरांचे डॉक्टर, पवनचक्क्यांच्या साइटवर पळणाऱ्या बोलेरो, उसाच्या पट्ट्यात जाणारे मुकादम. डांबरी रस्ता सोडला की ह्या गाड्या दिवसभर कुणाच्या तरी मागे धुरळा खात असतात. म्हणून खाली लिहिलंय ते टर्बो डिझेल एसयूव्ही आणि पिकअपसाठी आहे. बंगळूरच्या गुळगुळीत रस्त्यावर पेट्रोल हॅचबॅक पळवणाऱ्याचं गणित वेगळं, त्याच्याशी मला भांडायचं नाही.

टर्बो डिझेलमध्ये हवेच्या मार्गाची सुधारणा म्हणजे जास्त हवा ओढणं नव्हे. जेवढी हवा ओढली जाते, ती सगळी फिल्टरच्या कागदातूनच गेली पाहिजे, थंड जागेतून आली पाहिजे आणि टर्बोने दाबल्यावर वाटेत कुठे निसटता कामा नये. ह्या तीन गोष्टी नीट केल्या की गाडीचा गेलेला दम परत येतो. नवा दम हवा असेल तर तो डिझेल जास्त टाकून येतो, म्हणजे ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) नकाशा बदलून. तो विषय इथे नाही.

जरा आकडे बघा. २.२ लिटरचं इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं. २००० आरपीएमला मिनिटाला २२०० लिटर हवा झाली, त्यात थोडा बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, धरला तर अडीच हजार लिटर. तासाला दीडशे घनमीटर. आता समजा पुढच्या टिपरच्या मागे समोरचं काही दिसेना इतका धुरळा आहे, घनमीटरमागे ग्रॅमभर धूळ धरा. तासाभरात फिल्टरच्या तोंडाशी दीडशे ग्रॅम माती आली. चांगला कागदी फिल्टर त्यातली ९९.५ टक्के अडवतो असं धरलं तर पाऊण ग्रॅम आत जाते. ९७ टक्के अडवणारा असेल तर साडेचार ग्रॅम. ऐकायला फरक अडीच टक्क्यांचा, इंजिनच्या दृष्टीने सहापट. आपल्या धुळीत सिलिका असते, ती लोखंडाला कापते. ऑइलमध्ये मिसळली की व्हॉल्व्ह बसवताना आपण जी ग्राइंडिंग पेस्ट लावतो तीच पेस्ट रिंग आणि लायनरच्या मधे चोवीस तास फिरत राहते. ऑइल खायला लागलेल्या, ऑइलचं झाकण काढलं की फसफस वाफ मारणाऱ्या कितीतरी गाड्यांचं मूळ इंजिनमध्ये नसतं, फिल्टर बसतो त्या एअर क्लिनरच्या डब्यात असतं.

आधी फडकं, मग खरेदी

इंजिन बंद आणि थंड. डब्याच्या क्लिपा उघडा. कुठे आठ नाहीतर दहाचे बोल्ट असतात, गाडीप्रमाणे बघा. फिल्टर उचलण्याआधी खालच्या बाजूला, म्हणजे हवा जिथून येते तिथे, माती असणारच. तिची काळजी नाही. वरच्या बाजूला, म्हणजे फिल्टरनंतरच्या भागात, पांढरं ओलसर फडकं बोटाला गुंडाळून फिरवा. फडकं स्वच्छ निघालं पाहिजे. अगदी हलकी राखाडी झाक चालेल. तांबूस किंवा पिवळट बारीक रवा आला, बोटांत चोळल्यावर खरखर लागली, तर तुमची हवा फिल्टरला बगल देऊन चाललीय. अशा गाडीला जगातला कुठलाही महाग फिल्टर लावा, उपयोग शून्य.

पुढे तसंच टर्बोपर्यंत जा. डब्यापासून टर्बोला जाणारी रबरी नळी सोडवा. तिच्यात इंजिनच्या वाफेची छोटी नळी येऊन मिळते, म्हणून आतली भिंत थोडी तेलकट असते. ते ठीकच आहे, आणि आपल्या कामाचंही. तेलाला धूळ चिकटते आणि पुरावा ठेवते. नळीच्या एखाद्याच बाजूला मातीचा लांबट पट्टा दिसला, तर पट्ट्याची सुरुवात जिथे आहे तिथेच फट आहे. बहुतेक वेळा ती क्लिपच्या खाली किंवा नळीच्या घडीत सापडते. घड्यांची नळी हाताने ताणून, वाकवून बघा. सरळ असताना न दिसणारी चीर ताणली की तोंड उघडते.

नळी निघालेलीच आहे तर टर्बोच्या पंख्यावर बॅटरी मारा. पात्यांच्या पुढच्या कडा सरळ आणि सुरेख असायला हव्यात. धूळ खाल्लेल्या टर्बोच्या कडा बोथट, किंचित झिरमिळ्या झालेल्या दिसतात. मधला नट बोटांत धरून हलवा. बाजूला केसभर हलला तर चालतं, ऑइलच्या पडद्यावर फिरणाऱ्या शाफ्टला तेवढा प्ले लागतोच. आत-बाहेर हलला किंवा पातं घराला घासत असेल, तर हवेच्या मार्गावर पैसे घालवायच्या आधी टर्बोचं काम काढा.

फट सापडत नसेल तर जुनी युक्ती आहे. फिल्टरच्या रबरी कडेवर ग्रीसचा अगदी पातळ थर बोटाने फिरवा, डबा बंद करा, आठवडाभर गाडी चालवा. उघडल्यावर ग्रीसवर जिथे धुळीची रेघ आडवी ओलांडून आत गेलेली दिसेल, तिथे फिल्टर बसत नाही. मला बहुतेक ठिकाणी तीनच कारणं सापडतात: डब्याची एक क्लिप तुटलेली, डब्याचं प्लास्टिक उष्णतेने वाकलेलं, किंवा नकली फिल्टरची कड दोन मिलिमीटर पातळ.

फिल्टर कोणता

कागदाचा. गाडीच्या कंपनीचा, नाहीतर कंपनीला माल पुरवणाऱ्या नावाजलेल्या फिल्टरवाल्याचा. नवा फिल्टर दुकानातच हातात घेऊन जुन्याशेजारी धरा. घड्या मोजा, कडेची जाडी बघा, रबर दाबून सोडा, ते लगेच पूर्ववत यायला हवं. स्वस्त मालात घड्या कमी असतात आणि दोन घड्यांमधलं अंतर सारखं नसतं. कमी घड्या म्हणजे कमी कागद, म्हणजे लवकर तुंबणार.

कागदाबद्दल एक गोष्ट लोकांना पटत नाही. थोडा मळलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा जास्त बारीक धूळ अडवतो, कारण कागदावर साचलेला धुळीचा थर स्वतःच गाळणी होतो. म्हणून दर चार दिवसांनी फिल्टर काढून पंपावरच्या हवेने झोडपायची सवय सोडा. कित्येक कंपन्या तर हवा मारायलाच नको म्हणतात, सरळ बदला म्हणतात. मारायचीच वेळ आली, आडरानात दुसरा फिल्टर नाही, तर आतून बाहेर मारा, दाब ३० पीएसआयच्या आत ठेवा, नोझल वीतभर लांब धरा. नंतर अंधारात आतून बॅटरी लावून बघा. कुठेही टाचणीएवढा उजेडाचा ठिपका दिसला की फिल्टर भंगारात. आणि फिल्टर चाकावर आपटू नका, हात जोडून सांगतो. कड वाकते आणि मग ग्रीसवर रेघा येतात.

धुऊन, तेल लावून वापरायचे कापडी फिल्टर येतात. त्यांतून हवा मोकळी जाते हे खरं. पण ती मोकळीक कागदापेक्षा जास्त बारीक धूळ आत सोडून मिळते, आणि माझ्या भागात हा सौदा परवडत नाही. शिवाय तेल जास्त लागलं तर ते उडून हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या तारेवर बसतं. सेन्सर कमी हवा सांगतो, ईसीयू डिझेल आवळतो, आणि पॉवर वाढवायला गेलेला माणूस पिकअप गेल्याची तक्रार घेऊन येतो.

फिल्टर कधी बदलायचा ह्याचा अंदाज किलोमीटरवर लावू नका. ट्रक-टिपरच्या एअर क्लिनरला छोटा पारदर्शक इंडिकेटर असतो, त्यातला पट्टा ओढ वाढली की लाल होतो आणि इंजिन बंद केलं तरी तिथेच अडकून राहतो. मोठ्या डिझेलमध्ये तो साधारण २५ इंच पाण्याच्या दाबाला लाल होतो. हाच इंडिकेटर कमी आकड्याचा घेऊन एसयूव्हीच्या डब्यानंतरच्या नळीवर बसवता येतो. छिद्र पाडायचं ते नळी गाडीवरून पूर्ण काढून, आणि आतला बुरा धुऊनच परत लावायचं. पाचशे-हजाराचं हे काम लोकांना दिखाऊ वाटत नाही म्हणून कुणी करत नाही. माझ्या मते ज्याची गाडी रोज कच्च्यावर आहे त्याने सगळ्यात आधी हेच करावं.

थंड हवा

हवा तीनेक अंशांनी तापली की साधारण एक टक्क्याने विरळ होते. बॉनेटखाली उन्हाळ्यात, गर्दीत थांबलेल्या गाडीत, साठ-सत्तर अंश सहज असतात. उघडा कोन तिथली हवा ओढतो. मग आवाज भारी येतो, टर्बोची शिट्टी ऐकू येते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं गाडी उडायला लागली. टर्बो डिझेलमध्ये पुढे हवा गार करणारा इंटरकूलर असल्यामुळे नुकसान पेट्रोल गाडीइतकं होत नाही, पण त्याच कारणाने "कोल्ड एअर किट"चा फायदाही जाहिरातीइतका होत नाही. दोन्ही बाजूंनी फार काही हाताला लागत नाही.

कंपनीने डब्याला हवा ग्रिलच्या मागून किंवा फेंडरमधून दिलेली असते, आणि ती जागा सहसा बरोबर असते. तुम्ही बघायचं ते एवढंच, की ती तोंडाची नळी जागेवर आहे का. पुढचा बंपर काढून बसवलेल्या, कधी ठोकून नीट केलेल्या गाड्यांत ही नळी अर्धी निघालेली किंवा गायबच असते. डेंटिंगवाला ती बसवायला विसरतो, गिऱ्हाईक कधी बघत नाही. जुन्या बाजारातून ती नळी आणा, दोन क्लिपा मारा. ह्याहून स्वस्त सुधारणा नाही.

इंटरकूलरच्या पंखांत माती, किडे, कडब्याचं भुस्कट अडकलेलं असतं. ते पाण्याच्या साध्या धारेने मागून पुढे काढा. प्रेशर वॉशरची तलवार जवळून मारली तर ॲल्युमिनियमचे पंख झोपतात, मग ते कंगव्याने उभे करत बसावं लागतं.

टर्बोनंतरची नळी

इथे जोर द्या. दम गेलेल्या निम्म्याहून जास्त गाड्यांचं दुखणं टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड ह्या दोन नळ्यांत असतं. लक्षणं ठरलेली: चढावर काळा धूर, ॲक्सिलेटर दाबल्यावर फुस्स आवाज, ॲव्हरेज खाली, स्कॅनरवर पी०२९९, म्हणजे बूस्ट कमी पडल्याचा कोड. सोडून बघायच्या आधी जोडांच्या खाली हात फिरवा. तेलकट, मातीने लडबडलेला जोड म्हणजे दाबाखाली तिथून हवा सुटते आणि बरोबर तेलाची वाफ घेऊन येते. खात्री करायची तर स्मोक मशीन असलेल्याकडे जा, धूर नेमकी जागा दाखवतो. मशीन नसेल तर जोडांवर साबणाचं पाणी मारून इंजिनचा रेस कुणालातरी धरायला सांगा. फिरत्या बेल्टपासून आणि पंख्यापासून हात लांब ठेवा, सदऱ्याची बाही वर करून घ्या.

नव्या नळ्या घेताना सिलिकॉनच्या निळ्या-लाल नळ्या दिसायला झकास. त्या उष्णता सोसतात, पण साध्या सिलिकॉनला तेल मानवत नाही. टर्बोनंतरच्या हवेत तेलाची वाफ असतेच, म्हणून आतून फ्लुरोसिलिकॉनचं अस्तर असलेल्याच नळ्या घ्या. ते लिहिलेलं नसेल तर कंपनीची रबरी नळी बरी. साधी वळवायची होज क्लिप बूस्टच्या बाजूला लावू नका. तिथे टी-बोल्ट क्लिप लागते, ती सगळीकडून सारखी आवळते. पाइपच्या टोकाला उंचवटा असतो, क्लिप त्याच्या मागे बसली पाहिजे, त्याच्यावर नाही. बसवण्याआधी पाइप आणि नळीची आतली बाजू डीग्रीझरने कोरडी करा. तेलकट पाइपवर कितीही आवळा, पहिल्याच घाटात नळी निघून बाजूला पडते. आणि आवळून झालं म्हणजे झालं नाही. दोन-तीन दिवस गरम-थंड झाल्यावर पुन्हा एकदा पाना फिरवा.

एमएएफ सेन्सर साफ करायचा तर इग्निशन बंद, कपलर काढा, दोन स्क्रू सोडा. एमएएफ क्लिनर म्हणून मिळणाराच स्प्रे वापरा. कार्ब क्लिनर, पेट्रोल, थिनर नको. वीतभरावरून फवारा, आतल्या तारेला किंवा पातळ पट्टीला बोट, कापूस, ब्रश काहीही लावू नका, आणि पूर्ण सुकेपर्यंत गाडीला लावू नका. बाणाची दिशा बघून बसवा. स्कॅनरवर पी०१०१, म्हणजे एमएएफच्या मापात गडबड असल्याचा कोड, होता तो ह्यानेही गेला नाही तर सेन्सर बदलायला धावू नका, आधी सेन्सरच्या पुढच्या नळीत फट शोधा.

लाखभर किलोमीटर झालेल्या डिझेलमध्ये अजून एक जागा अडलेली असते, ती म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. ईजीआरची (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) काजळी आणि वाफेतलं तेल मिळून डांबरासारखा थर बसतो, कधी कधी नळीचं तोंड अर्ध्याच्या खाली येतं. स्प्रे मारून चालत्या गाडीत ते निघत नाही, उलट सुटलेला खडा व्हॉल्व्हखाली जायचा धोका. मॅनिफोल्ड उतरवा, बाहेर भिजत घाला, नवीन गास्केट टाका. दिवस जातो. पण चार-पाच हजारांच्या कोनपेक्षा ह्या दिवसाचा फरक गिऱ्हाइकाला स्टिअरिंगवर बसल्याबसल्या कळतो.

प्री-क्लिनर आणि स्नॉर्कल

ट्रॅक्टरवाल्यांना प्री-क्लिनर सांगायला नको. बॉनेटवर उभी असलेली ती वाटी हवेला गरगर फिरवते, जड माती कडेला फेकते, उरलेली हवा आत जाते. बारीक धूळ ती अडवत नाही, ते काम कागदाचंच. पण कागदावर येणारा भार खूप कमी होतो आणि फिल्टर कितीतरी जास्त टिकतो. एसयूव्हीला ती लावायची म्हणजे स्नॉर्कल, म्हणजे फेंडरपासून टपाच्या उंचीपर्यंत जाणारी हवेची नळी, लागते, कारण वाटी बाहेर आणि उंचावर असली तरच अर्थ आहे.

लोक स्नॉर्कल पाण्यासाठी घेतात. मी ती धुळीसाठी लावतो. चाकांनी उडवलेली माती बंपरच्या उंचीला दाट असते, टपाच्या उंचीला पुष्कळ विरळ. शिवाय हवा बॉनेटबाहेरची. फोर्स मोटर्सने गुरख्याला ती कारखान्यातूनच दिलीय. बाकीच्या गाड्यांना मागून लावावी लागते, आणि इथेच निम्मे लोक फसतात. बाजारात कित्येक स्नॉर्कल नुसत्या शोभेच्या आहेत. बाहेर छान काळी नळी, आत फेंडरमध्ये तोंड मोकळं, डब्याशी जोडणीच नाही.

लावायची तर सावकाश लावा. बरोबर आलेला कागदी साचा फेंडरवर टेपने चिकटवा आणि स्नॉर्कल स्वतः धरून बघा, साचे चुकलेले असतात. पुढचं चाक काढून आतलं प्लास्टिकचं अस्तर उतरवा आणि छिद्राच्या मागे वायरिंग, वॉशरची बाटली, ब्रेकची नळी काही नाही हे डोळ्यांनी बघा. आधी लहान ड्रिल, मग होल सॉ. खाली कापड पसरा, लोखंडाचा बुरा रंगावर पडून राहिला तर पावसाळ्यात प्रत्येक कणाभोवती गंजाचा ठिपका उठतो. कापलेली कड कानशीने घासा, प्रायमर मारा, त्यावर रंग, तो सुकू द्या. हे टाळणाऱ्याच्या फेंडरला वर्षभरात पापुद्रे सुटतात. मग स्टड, ए-पिलरची पट्टी, आणि प्रत्येक जोडाला पॉलियुरेथेन सीलंट. डब्याचं जुनं तोंड घट्ट बुजवा. डब्याच्या तळाला पाणी जाण्यासाठी छोटं भोक किंवा रबरी चोच असते. पाण्यात उतरायचं असेल तर तिथे एकाच दिशेने उघडणारी चोच धड स्थितीत हवी, नुसतं भोक उघडं ठेवून स्नॉर्कलला काही अर्थ उरत नाही.

जोडणी खरी आहे का हे बघायला जुन्या, साध्या डिझेलमध्ये एक चाचणी चालते. गाडी आयडलला ठेवा, स्नॉर्कलच्या तोंडावर रबर लावलेली फळी क्षणभर दाबा. इंजिन गुदमरलं पाहिजे. आरामात चालू राहिलं, तर ते कुठूनतरी दुसरीकडून श्वास घेतंय. हाताचा तळवा लावू नका आणि रेस वाढवून हे करू नका, नळी आत ओढली जाते. बीएस-सहा गाडीत हा खेळ नको, स्मोक टेस्ट करा.

स्नॉर्कलच्या वरच्या डोक्याचं तोंड पुढे ठेवायचं की मागे, ह्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पावसाचं पाणी काढायला त्याला मागे फटी असतात, त्या मोकळ्या असतील तर पुढे ठेवा. झाडोऱ्यातून जाताना मागे फिरवा. झालं.

आणि स्नॉर्कल लागली म्हणून गाडी होडी होत नाही. नव्या थारची कंपनीने सांगितलेली पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, ती स्नॉर्कलने वाढत नाही. ॲक्सल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची तोंडं), अल्टरनेटर, दारांचे सील, सगळे तिथेच आहेत जिथे होते. पाणी दाबलं जात नाही, म्हणून ते सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढ्याला पूर असेल तर थांबायचं. माणगंगेला पाणी वर्षातून मोजके दिवस येतं, पण आलं की अंदाज घेऊ देत नाही.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीची आरसीवरची मूळ माहिती कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या बदलांसाठी मालकावर दंड-शिक्षेची तरतूद आली. नळ्या, क्लिपा, फिल्टर, गास्केट कंपनीच्या मापाचे बदलले तर ती दुरुस्ती झाली. फेंडर कापून स्नॉर्कल, आवाज वाढवणारा कोन, ईजीआर बंद करणं ह्या वेगळ्या गोष्टी. ईजीआर आणि डीपीएफला (सायलेन्सरच्या मार्गातल्या काजळीच्या फिल्टरला) मी हात लावत नाही, कुणी कितीही पैसे दिले तरी. स्नॉर्कलसाठी आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, गाडी वॉरंटीत असेल तर शोरूमला विचारल्याशिवाय भोक पाडू नका.

आता तो मागच्या सीटवरचा खोका. कोन फिल्टर कधीच लावू नये असं मी म्हणत नाही. बंद डब्यात बसवलेला, बाहेरून थंड हवा घेणारा, ट्यून केलेल्या आणि डांबरीवरच पळणाऱ्या गाडीला लावा, आणि दर पावसाळ्यानंतर फडकं फिरवून बघा. पण मुरमाच्या रस्त्यावर, स्टॉक ईसीयूवर, उघडा कोन नको. ईसीयू जेवढं डिझेल टाकणार तेवढीच पॉवर, आणि त्या डिझेलला लागणारी हवा कंपनीचा स्वच्छ डबा आरामात देतो. पैसे परत मिळत असतील तर खोका परत करा. त्याच रकमेत चांगला कागदी फिल्टर, इंडिकेटर, चार टी-बोल्ट क्लिपा आणि एमएएफचा स्प्रे येतो, वर चहापाणी होतं.

काम झाल्यावर नवीन फिल्टरच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर डबा एकदा उघडा, फडकं फिरवा, सगळ्या क्लिपांवर पाना लावून बघा. नंतर इंडिकेटर लाल होईपर्यंत डब्याला हात लावायचा नाही.